घोडे चारशे बारा, येणे

वसुली विभागाच्या मागच्या खोलीतलं हिरवं कपाट
लाथ घातल्याशिवाय उघडत नाही.
आत मागणीच्या वह्या, वर्षावर वर्ष,
सगळ्यांत खाली वाळवीनं कड खाल्लेली पहिली.
पान सत्तावीस. मोडीतली एक ओळ:
पाणीपट्टी, छावणी बारव. घोडे चारशे बारा.
येणे.

मोडी मला हिंगमिरे तात्यांनी शिकवली,
निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात, जेवणाच्या सुट्टीत,
भाकरीच्या पापुद्र्यावर बोटानं अक्षरं काढत.
म्हणाले, बाई, कुणीतरी वाचणारं ऱ्हायलं पायजे.
कशासाठी, ते नाही सांगितलं.

मांजरेच्या अल्याड तेव्हा रिसाला होता.
गाव या अंगाला, छावणी त्या अंगाला,
मधे बारव. तिच्या चौसष्ट पायऱ्यांतल्या
कुठल्या कुणाच्या, याचा नकाशा नव्हता.
कमिटीनं ठराव केला: दर घोड्यामागे महिना दोन पै.
छावणीतून लाल लाखेचं उत्तर आलं:
फौज तुमची राखण करते. राखणदाराकडं
पाण्याचा दाम मागणं कुठल्या रिवाजात बसतं?
पेशकार गुंडेरावांनी उलट टपाली लिहिलं:
राखण माणसं करतात, पाणी घोडे पितात.
तरी घोड्यांचे तेवढे मेहेरबानीनं पाठवावे.

अकरा वर्षं कागद गेले, आले.
कधी चंदीच्या भावावरून, कधी लिदीवरून
(लीद छावणीची, पण वेशीत आलेल्या माश्या कुणाच्या?).
एकदा भिस्ती छोटे इमामला पहाऱ्यानं अडवलं, पास दाखव.
त्यानं पखाल दाखवली.
रात्रभर कोठडीत ठेवला.
कमिटीनं निषेध नोंदवला, नक्कल छावणीला.
नकलेची पोच नाही.

मग तो दुष्काळ.
त्या वर्षीची शाईसुद्धा पातळ आहे.
बारवेत गुडघाभर पाणी, आणि हुकूम: आधी घोडे.
पायरीवर बंदूक घेऊन सवार मदार वल्द बुढन,
समोर रिकाम्या घागरींची रांग,
रांगेत तिसरी त्याची बायको.
त्यानं काय केलं, याचा कागद नाही.
पुढच्या महिन्यापासून मात्र कमिटीच्या खर्चात,
'किरकोळ'खाली, एक नवी ओळ दिसते:
बारवेचा राखणदार मदार, दरमहा साडेचार हाली.

एका पहाटे रिसाला उठून दक्षिणेला गेला.
बिल तसंच. गुंडेरावांनी मांडलं: मागील बाकी पुढे.
त्यांच्यामागून आलेल्यानंही तेच मांडलं, तात्यांनीही.
हालीचे कलदार झाले, कलदारचे नवे पैसे,
कमिटीची नगरपालिका झाली,
बारव बुजवून वर व्यापारी संकुल उठलं,
तिथं आता मोबाइलचे काचेचे कव्हर बदलून मिळतात.
घोडे चारशे बाराच. एकही मेला नाही.
माफ करायचा अधिकार कुणाला,
तो शासन निर्णय सापडत नाही.

परवा लेखापरीक्षक आला, पोरगेलासा, लातूरचा.
ओळीवर बोट ठेवून म्हणाला, मॅडम, हे काय?
येणे, मी म्हटलं.
कुणाकडून?

खिडकीबाहेर टँकर लागला होता.
रिसाला मोहल्ल्यातल्या बाया नंबरावरून भांडत होत्या.
बंदोबस्ताला एकच होमगार्ड, काठी काखेत,
कुणाकडं बघायचं ते न कळून टाकीवरचा नंबर वाचणारा.
एका म्हातारीनं पाइपचं टोक त्याच्या हातात कोंबलं.
त्यानं काठी भिंतीला टेकवली.

लेखापरीक्षकानंही ते बघितलं, बहुधा.
चष्मा पुसला, पान उलटलं, परत मागं आला.
मांडा, म्हणाला.
पण आकडा अक्षरी लिहा.