कानामागे उडदाएवढं

डबीवर जी बाई हसते आहे
तिच्या विहिरीला खार लागत नसणार.
आमच्या विहिरीचं पाणी माघ सरता सरता मचूळ होतं,
साबणाला फेस धरत नाही.
म्हणून आधी कुबलांकडून
दोन कळश्या गोडं पाणी आणून ठेवलं.

आतला कागद आठ घड्यांचा,
अक्षरं मुंगीच्या पायांसारखी.
चष्मा लावून आधीच वाचून घेतला,
नंतर लावता येणार नाही,
काड्यांना रंग लागतो.

अठ्ठेचाळीस तास आधी, म्हणतो कागद,
उडदाएवढं कानामागे लावून पाहा.
असं कुणी करत नाही वेंगुर्ल्यात.
बाबी गिरपाने केलं नव्हतं.
जत्रेच्या सकाळी काळाकुळकुळीत होऊन आला,
रात्री कपाळ सुजून डोळ्यांवर उतरलं.
दशावतार त्याने नुसता ऐकला,
संकासुर आला की शेजाऱ्याला विचारायचा,
"आता काय करता हो?"
उजाडल्यावर सरकारी दवाखाना.

मी एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत.
सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडायची,
आठवडाभर घावने काढताना काळीच.
तेव्हा कुणी म्हटलं नाही, किती तरुण दिसताय.
नववीच्या पोरांना सांगायचे,
बाटली नाकाशी नेऊ नका रे,
हाताने वास ओढून घ्या.
बुधवारी ट्यूब उघडली, तसंच केलं.
अमोनिया. जुनी ओळख.

शनिवारी निरोप समारंभ.
शाल, नारळ, आणि तो फोटो
जो पुढे कपाटावर धूळ खात
माझ्यापेक्षा जास्त दिवस शाळेत राहणार.

पण मेंदीचं काय?
दिवाळीत लावलेली, पुडीवर नुसतं 'काळी'.
तिच्यात काय होतं ते विकणाऱ्या तांडेललाही ठाऊक नाही.
धातूचे क्षार असले तर वरून हे पडल्यावर
केस तापतात, तुटतात, शेवाळी होतात.
फणीत अडकलेला गुंता चिनीमातीच्या बशीत घेतला,
त्यावर रंग घातला, पाऊण तास बसून राहिले.
तापला नाही. हिरवा झाला नाही.
वहीत निरीक्षण लिहावंसं वाटलं.

आणि महिन्या-महिन्याला मुळाशी
ओहोटीनंतर वाळूवर राहते तशी
पांढरी रेघ उठणार.
वर्षाला बारा डब्या.
पेन्शनच्या अर्जामागे गुणाकार मांडला,
किती वर्षांनी गुणायचं,
तिथे पेन्सिल थांबली.

मथूवहिनी गडग्यापलीकडून म्हणाली,
"रंगव गो, नायतर रंगव नुको.
पण दोन दिस थांब,
केस काय पळान जातत?"

थांबले. दोन रात्री उजव्या कुशीवर झोपले नाही.
दहादा हात लावून पाहिला,
शेवटी आरशाला आरसा दाखवला.
खाज नाही, पुरळ नाही.
फक्त काळा ठिपका,
दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्याला लावतात तसा.
आता निमित्तही उरलं नाही.

शुक्रवार, साडेचार.
कपाळाला, कानाच्या पाळ्यांना खोबरेल.
फाटका गाऊन, उघडी खिडकी,
प्लास्टिकची वाटी, धातूची नाही.
हातमोजे लॅबचे, स्टॉपवॉचही लॅबचं,
परत करायच्या यादीत दोन्ही नव्हते.

मग आठवलं,
न्हाणीचं पाणी थेट केळीला जातं.
केळीपलीकडे अळू,
रविवारी फदफद्याला तोडायचाय.

मोजे काढले.
कुदळ घेऊन गेले मागे,
पाट फोडला, गडग्याकडे वळवला,
नुसता चिरा आहे तिथे, काही उगवत नाही.
एक तांब्या ओतून पाहिला.
वाकडंतिकडं, पण गेलं.

हात धुतले,
मोजे पुन्हा चढवले,
आतून ओलेच.