ओळ चारशे बारा

एकवीस वर्षं माझं बोट
न विचारता त्या एका बटणावर जायचं, प्रोग्राम चालू व्हायचा.
वर निळी पट्टी, डावीकडे फायलींचं झाड,
चूक झाली की तोच ओळखीचा ठण्ण आवाज.
लिएपायात वारा दिवसातून चारदा दिशा बदलतो,
ही खिडकी कधी बदलली नाही.

दर मार्चला लायसन्सचं बिल यायचं.
आमचे साहेब, विस्वाल्दिस, ते अंगठ्याने दाबून वाचायचे,
जणू आकडा पळून जाईल.
मागच्या मार्चला बिलाऐवजी पत्र आलं:
आपली आवृत्ती यापुढे सांभाळली जाणार नाही,
आपल्या प्रवासात आम्ही सोबत आहोत.
सहीच्या जागी सहीचं चित्र.

मग एल्विता आली, सव्वीस वर्षांची,
लॅपटॉपवर इतके स्टिकर की मूळ रंग कळू नये.
साहेब म्हणाले, हे फुकट आहे.
ती म्हणाली, मुक्त आहे.
आमच्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत,
तरी बैठकीच्या वृत्तांतात एकच लिहिला गेला.
स्वस्त तो.

मी शिकलो. म्हणजे हात शिकत होते,
मी शेजारी उभा होतो.
काळा पडदा, लुकलुकणारी रेघ,
काही विचारत नाही, काही सुचवत नाही.
परक्या स्वयंपाकघरात मीठ शोधणाऱ्या पाहुण्यासारखा
मी एकेक डबा उघडत होतो.
एल्विता हसली नाही, हे तिचे उपकार.

पण एकदा तिला माझ्या जुन्या मशीनवर बसवलं,
एवढीशी दुरुस्ती,
तर ती दोन्ही हात हवेत धरून बसली,
पाण्यात पाय घालावा की नाही
असा चेहरा करून.
तिच्याही बोटांना एक गाव होतं.

फेब्रुवारीत, उणे एकोणीसच्या रात्री,
कारोस्तातल्या चार इमारती गारठल्या.
बॉयलर ठीक, पंप ठीक.
मधला आमचा नवा प्रोग्राम मात्र
उणे एकोणीसला नुसतं एकोणीस समजून
उन्हाळ्यात निवांत बसला होता.

पूर्वी असतं तर फोन लावला असता:
तासभर पियानो, मग एक गोड आवाज,
एक तक्रार क्रमांक.
तो क्रमांक उशाशी घेऊन मी कितीदा झोपलोय,
खोटं का बोलू.
आता लावायचा कुणाला?
हा तुकडा लिहिणारा तीन वर्षं गप्प होता.

एल्विता म्हणाली, मग उघडा ना.

एकवीस वर्षांत मी दुसऱ्याचं यंत्र
आतून कधी पाहिलं नव्हतं.
ओळ चारशे बारा. तिच्या डोक्यावर एक टीप:
"इथे अंकाला दोनच घरं ठेवतोय.
आमच्याकडे थंडी नसते.
बाळ उठलंय, नंतर नीट करतो."
तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

बाळ आता शाळेत भागाकार करत असेल.

दोन घरांची तीन केली.
उणेच्या चिन्हाला जागा मिळाली.
पहाटे पाचला कारोस्तातल्या पाइपांतून
कुणी घसा खाकरावा तसा आवाज फिरला,
आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी फोन करून
आम्हाला शिव्या दिल्या, उशिरा का होईना.

दुरुस्ती माझ्या नावाने परत पाठवली.
टीप पुसली नाही. खाली एक ओळ जोडली:
"आमच्याकडे असते. बाळाला सांगा.
इल्गवार्स, लिएपाया."
उत्तर अजून नाही.

सोमवारी नव्या पडद्याला मी जुना निळा रंग दिला
आणि सवयीने ते बटण दाबलं.
काहीच झालं नाही.
एल्विता काही न बोलता खुर्चीवरून वाकली,
कुठलीशी फाइल उघडून दोन ओळी लिहिल्या,
आणि त्या बटणाला
त्याचं काम परत दिलं.