शब्दार्थ आणि वाक्यात उपयोग

नववी ब. शेवटचा तास.
सावद्यातलं ऊन खिडकीतून थेट फळ्यावर,
बाहेर केळीचा ट्रक रिव्हर्स घेतोय.
मी लिहितो : सिनिस्टर.
विशेषण. अशुभ. कपटी. पोटात काळं असलेला.
वापर : सिनिस्टर हसू, सिनिस्टर शांतता.
माणसाला सहसा थेट लावू नये,
त्याच्या हसण्याला लावावं, सावलीला लावावं.
पोरं उतरवून घेतात.

इथंच थांबायला हवं होतं.
पण शिकवायची खाज. म्हणालो,
मूळ शब्द लॅटिन. तिकडे अर्थ नुसता
डावा.

तिसऱ्या बाकावरची हर्षाली नेहेते
लिहिता लिहिता थांबली.
डाव्या तळव्याच्या कडेला तिच्या
नेहमीसारखी शाई.

सावरायला गेलो : अगं, तो रोमन लोकांचा घोळ,
पाखरू कुठल्या अंगाला उडालं त्यावरून शकुन बघायचे.
आपल्याकडे असलं काही नाही.
आणि जिभेवर आपलेच शब्द यायला लागले
न बोलावता :
डावलणं. डावं-उजवं करणं. वाममार्ग.
लेकरू झालं की कूस
उजवते.
खडू ठेवला. हात झटकले. दोन्ही.

मी चौथीत होतो.
भानुदास गुरुजींनी केळीचं सोपट भिजवून
माझा डावा हात बाकाला बांधला. पंधरा दिवस, रोज.
सोपट ओलं असतं तोवर काही वाटत नाही.
वाळत जातं, तसं आवळतं.
घरी आई मनगटाला तेल लावायची
आणि ताट वाढताना म्हणायची,
"त्या हातानं नको रे बाप्पा, देव पाह्यतो."
देवाला तेवढंच काम.
आता माझं अक्षर सुंदर आहे, सगळे म्हणतात.
फक्त भरीत ठेचायला बसलो की
मुसळी आपसूक डावीकडे जाते.

सोमवारी वह्या आल्या.
बहुतेकांच्या वाक्यात भुताचा बंगला,
दोघांच्या वाक्यात मी.
हर्षालीचं वाक्य :
माय फादर इज सिनिस्टर.
ही कट्स वन हंड्रेड बंचेस बिफोर द ट्रक कम्स
अँड नो बनाना गेट्स हर्ट.

व्याकरण चोख.
अर्थ, शब्दकोश धरला तर, चूक.
लाल पेन उचललं, ठेवलं.
शिक्षकखोलीत कुणी नव्हतं, फक्त पंख्याची कटकट.
पेन डाव्या हातात घेतलं.
चाळीस वर्षांनी बोटांना काय आठवणार?
खूण उमटली ती आरशातली,
शेपूट डावीकडे वर गेलेलं.

वही हातात पडल्यावर तिनं ती तिरकी करून पाहिली,
मग उलटी.
"सर, हे बरोबर आहे का चूक?"

बाहेर ट्रक भरत होता.
हमाल मोठ्यानं घड मोजत होते,
एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट,
कुणीतरी मध्येच हसलं, आकडा चुकला,
आणि ते पुन्हा एकपासून मोजायला लागले.