पट्टा

टोटोनिकापानच्या चढावर आमच्याकडे माग असाच असतो:
एक टोक अंगणातल्या खांबाला,
दुसरं पट्ट्यानं माझ्या कमरेला.
ताणा धरून ठेवायला बाईची पाठ लागते.

निकोलासा पोटात होती तेव्हा मी एक अख्खं कापड विणून संपवलं.
ती आहे, हेच ठाऊक नव्हतं.
डॉक्टर म्हणाला, बाळाची पाठ मिटायची ती
अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत मिटते.
मी नंतर दिवस मोजून पाहिले.
त्या आठवड्यात आम्ही मिरच्या विकल्या,
सासऱ्यांचा दात काढला,
आणि निळा धागा संपला म्हणून मी लाल लावला.
बस्स, एवढंच.

सुईण हेरोनिमा म्हणाली, ग्रहण पाळलं नाहीस.
लाल दोरा नव्हता का कमरेला?
माझ्या कमरेला, म्हटलं, कायम दोराच असतो.
दुसरा डॉक्टर म्हणाला, मक्याला बुरशी येते,
कदाचित त्यानंही. नक्की नाही.
मक्यालाच बोल लावला तर खायचं काय?
बाल्तासार काहीच बोलला नाही,
भिंतीकडे तोंड करून झोपला.

पाठीवर द्राक्षासारखा पातळ फुगा,
आतून दिवा लावल्यासारखा.
शहरापर्यंत बसमध्ये ती माझ्या मांडीवर पालथी,
ओल्या फडक्याखाली.
लोक बाळाचं तोंड बघायला वाकायचे.
टाके बावीस. मी मोजले.
विणणारीनं दुसऱ्याच्या टाक्यांना नावं ठेवू नयेत.

आता नऊ वर्षांची आहे.
दर चार तासांनी नळी, साबण, उकळून गार केलेलं पाणी,
दार लावून स्वतःच करते.
निखारा पायाला लागला तरी तिला कळत नाही,
वास आधी मला येतो.
पाठचा भाऊ खुर्ची ढकलतो.
त्याच्या वेळी मी गोळ्या घेतल्या होत्या.
हे तिला कुणीतरी सांगितलंय.

मंगळवारी म्हणाली, मला माग दे.
अगं, गुडघे टेकावे लागतात, मागे रेलावं लागतं,
पाठ...
मी तिथेच थांबले.
तिनं पट्टा पाठीमागे नेलाच नाही.
खुर्चीच्या दोन दांड्यांना अडकवला,
ब्रेक लावला.
मी ताणा नखानं वाजवून पाहिला. टणक.

दुपारपर्यंत दोन बोटं कापड झालं,
एका कडेनं ओढलेलं.
उसवायला मी हात पुढे केला,
तिनं फणीनं तो बाजूला सारला.
निळा दे.
निळा संपलाय, म्हटलं.
मग लाल दे.