डावीकडे

अंगठा उचलला तरी बाई चालत राहते.
हळूहळू, डावीकडे, झोपेत चालल्यासारखी,
पूल सोडून, कठडा सोडून,
पाठीवर भाता, हातात धनुष्य,
दरीच्या काठापर्यंत. आणि मग दरीत.

कानात तन्मय ओरडतो, "ताई, कुठे चाललीस?"
कुठे नाही रे.
मी नाहूरला गादीवर मांडी घालून बसलेय,
दोन्ही हात वर केलेत, पोलिसांपुढे करतात तसे.

सतरा हजार नऊशे नव्व्याण्णव.
दिवाळीचा बोनस, अधिक फ्रिजसाठी बाजूला ठेवलेले थोडे.
खोका असा, की आत तन्मणी असावा:
चुंबकाचं झाकण, काळा मखमली खळगा,
सोनेरी अक्षरांत 'प्रो'.
खोका अजून ठणठणीत आहे.
त्यात मी थायरॉइडच्या गोळ्या ठेवते.

वॉरंटी सहा महिने.
सातव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी मी साकीनाक्याला,
काचेचं दार, नंबराची चिठ्ठी, गारठवणारा एसी.
बिल काढलं तर बिल कोरं.
रक्कम उडालेली, तारीख उडालेली, दुकानाचं नावसुद्धा.
जपून ठेवलं होतं हो मी. प्लॅस्टिकमध्ये.

काउंटरवरचा पोरगा सभ्य होता. टाय होता त्याला.
म्हणाला, "मुलाचा आहे का कंट्रोलर, मॅडम?"
"माझा."
"अच्छा." मग भिंगातून बराच वेळ बघून,
"आत दमटपणा गेलाय. दमटपणा कव्हर होत नाही."
मी म्हटलं, बाळा, मुंबईत दमटपणा आत जात नाही,
तो इथला मूळ मालक आहे, आपण त्याचे पोटभाडेकरू.
इथे बरणीतलं मीठ पाझरतं,
कपाटात टांगलेल्या पट्ट्याला हिरवी लव येते,
आणि ही तुमची मऊ पकड
मे महिन्यातच चिकट झाली, काकवीत बोट घातल्यासारखी.
तर मग लडाखला विका ना!
तो हसला नाही. एक फॉर्म दिला, अभिप्रायाचा.
पाच चांदण्या. रिकाम्या.

माझा भाडेकरार अकरा महिन्यांचा.
नोकरी कंत्राटी, तीही अकरा.
टॅक्सीत हिशेब केला:
माझ्यापेक्षा पाच महिने कमी भरवशाची वस्तू
मी रोख पैसे मोजून घरात आणली.

शेवटी लॅमिंग्टन रोड. तिसरा मजला, लिफ्ट बंद.
निलोफर, बुटकी, चष्म्यावर दुसरा चष्मा,
तिने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही,
तोवर चार स्क्रू बशीत पडलेले.
चिमट्यात धरून दाखवलं, नखाएवढं काहीतरी काळं.
"हे घासतं. घासणारच.
दोन हजारवाल्यात हेच, तुमच्यात पण हेच."
"केवढ्याचं?"
"चाळीस."
मी परत विचारलं.
"चाळीस बोलले ना."
मग उरलेले सतरा हजार नऊशे एकोणसाठ कशाचे गं?
तिने फुंकर मारून धूळ उडवली.
"खोका छान असेल."

मजुरी साडेतीनशे.
पैसे देताना म्हटलं, आणि तुझी वॉरंटी?
"दुकान आहे तोवर या."
उतरताना दुसऱ्या मजल्यावर नोटीस दिसली,
पानाच्या पिचकारीनं अर्धी लाल:
इमारत धोकादायक, पुनर्विकास,
सप्टेंबरअखेर सर्व गाळे रिकामे करावेत.

रात्री बाईला पुलावर आणून उभं केलं.
अंगठा उचलला.
ती उभी राहिली.
तिचे केस वाऱ्यावर हलत होते, खाली नदी, पलीकडे तो किल्ला
जिथे आम्हाला गेल्या रविवारीच पोचायचं होतं.
"चल ना, ताई," तन्मय म्हणाला.
थांब रे दोन मिनिटं.
बघू दे.