चौदा मिलिमीटर

रविवार पेठेत एकतीस वर्षं बसतोय मी.
बारा दिवसांची बाळं आणतात,
दुपट्यात गुंडाळलेली, नजर अजून न ठरलेली.
पाळी दोन बोटांत धरायची, उजेडाकडे करायची,
शीर कुठून जाते ते बघायचं.
कुंकवाचा ठिपका. मग सोन्याची तार
श्वास सोडायच्या आत पलीकडे.
बाळ टाहो फोडतं, आई पायरीवर उभी राहून रडते,
बापाचा शूटिंगचा हात हलतो.
मी म्हणतो, झालं झालं, सोनारमामाला मार आता.
त्या बाळाला कुणी विचारलेलं नसतं.

हे आत्ता सुचतंय.

ऋत्विज मे महिन्यात घरात कानटोपी घालून बसला.
सर्दी, म्हणाला.
शैलजाने चहात आलं जास्त किसलं.
चौथ्या रात्री जेवताना टोपी सरकली:
काळं काहीतरी, कोटाच्या गुंडीएवढं,
पाळीत बसवलेलं.
आमटीचा डाव वाटीवर तसाच राहिला.
मी काय काय बोललो ते सांगत नाही.
सोनाराच्या घरात, सोनाराच्या घरात,
एवढंच बहुतेक पुन्हा पुन्हा.

सहकारनगरचा मेहुणा म्हणाला, मुलगी कोण देईल?
शेजारच्या काळ्यांनी विचारलं, कुठल्या बँडमध्ये आहे का?
शैलजा एकटीच टिळक रोडच्या डॉक्टरांकडे जाऊन आली.
एका मापापर्यंत मिटतं म्हणे, त्याच्यापुढे टाके.
आणि डॉक्टरांनी तिलाच विचारलं,
तुमचे कान कधी शिवायचे?
लग्नातले झुबे. सव्वा तोळ्याची जोडी.
सासूबाईंची हौस, घडवले मी.
सव्वीस वर्षांत भोकांच्या चिरा झाल्या.
घरात कोणी त्याला काही म्हणत नाही,
संस्कार म्हणतात बहुतेक.

जुलै लागला की पथकातली पोरं येतात,
भिकबाळीसाठी, उजव्या कानाच्या वरच्या कडेला.
सोबत बाप असतात. खांद्यावर थाप, दुखलं का रे वाघा?
पैसे देताना फोटो काढतात.
मी पन्नास रुपये कमी घेतो.
त्या बापांतला एखादा मला भेटला परवा मंडईत,
ऋत्विजबद्दल ऐकलं म्हणाला,
आणि माझ्या दंडावर हात ठेवला,
तेराव्याला ठेवतात तसा.

खरं सांगू का, भोकाचं मला काही नाही.
कोरेगाव पार्कातली कोणी मुलगी,
हातात मोजे, भिंतीवर साप रंगवलेला,
तिच्याकडे गेला तो.
कान सोनाराने टोचावेत ही म्हण
आमच्या गल्ल्यावर बसूनच लोक एकमेकांना ऐकवतात.

त्याच्या कानात पहिली तार मी घातली होती.
लोक म्हणाले, बापाचा हात बघा, जराही हलला नाही.
हलला होता.
डावं भोक केसभर खाली गेलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही. शैलजाच्यासुद्धा.
मी बावीस वर्षं त्याच्या उजव्या बाजूने चालत आलो.

काल शटर अर्धं ओढलेलं,
तो वाकून आत आला. टोपी नव्हती.
मापाच्या रिंगा कुठे असतात, बाबा?
मी खण दाखवला. त्याने एकेक लावून बघितली,
मी हिशोबाच्या वहीत तोच आकडा तीनदा लिहिला.
चौदा, म्हणाला. चांदीत करून द्याल?
चांदी घामाने काळी पडते, मी म्हणालो.
पडू दे.

दिव्याखाली बस म्हटलं.
बऱ्याच वर्षांनी त्याची पाळी दोन बोटांत धरली.
त्याने ते काळं काढलं तर आरपार
समोरच्या भांड्यांच्या दुकानाची पाटी दिसली,
तिच्यातलं एक अक्षर, पूर्ण.

डाव्या कानाचं हलकं करावं लागेल, मी म्हणालो,
इकडे खाली कातडं पातळ राहिलंय.
का बरं?
असतं एखाद्याचं, म्हणालो,
आणि काटा पुसायला घेतला.