पोस्टर क्रमांक एकेचाळीस

तीन ते साडेचार पोस्टर. माझा क्रमांक एकेचाळीस,
हात धुण्याच्या बेसिनशेजारी.
सर म्हणाले, उत्तम जागा, जेवून प्रत्येकजण इथे येतोच.
आणि कार्डं पर्समध्ये नकोत, हातात ठेव.
तीस सेकंदांत सांगता आलं पाहिजे
भाट्याच्या खाडीत चार वर्षं तू काय केलंस ते.

चार वर्षं मी तिसऱ्या मोजल्या.
लोखंडी चौकट चिखलात टाकायची,
आत येईल तेवढं उकरायचं,
चाळायचं, पट्टीला लावायचं,
दहा पावलं, पुन्हा चौकट.
हे सांगायला नऊ सेकंद लागतात.
उरलेले एकवीस
मी रोज आरशासमोर वेगळे वापरून बघितले.

कार्डं मारुती मंदिरच्या दुकानात छापली, पन्नास.
तो मूळचा लग्नपत्रिकावाला.
न विचारता त्यानं कोपऱ्यात
तांदळाएवढा सोनेरी गणपती टाकला.
"शुभ कामाला असू दे, ताई."
पुन्हा छापायला वेळही नव्हता, पैसेही.

अर्धा तास लोक हात धुऊन गेले.
एकानं टिश्यू कुठायत विचारलं.
कोचीच्या मुलाला चार्जर हवा होता,
तो खेकड्यांवर काम करतो,
चार टक्के बॅटरीत जेवढं बोलता येईल तेवढं बोलला.

मग विशाखापट्टणमच्या बाई आल्या.
त्यांचे पेपर मी इतक्यांदा वाचलेत
की त्यांना खोकला येतो हे बघून दचकले.
नऊ सेकंद बरोबर बोलले.
मग एकवीस सेकंद
शेजारचा नळ बोलला.
बाईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं.
"हे सहलेखक का?"
मला हसू आलं, त्यांना खोकला.
"कुणाची विद्यार्थिनी तू?"

हा प्रश्न मला नवा नाही.
पहिल्या दिवशी, गुडघाभर चिखलात,
हलीमाबीनं वर न बघता विचारलं होतं,
"कुणाची गो तू?"
मी विद्यापीठाचं नाव सांगितलं.
"तसा नाय. घर कुठला?"
नाटे म्हटल्यावर तिच्या नणंदेचं सासर जैतापूर निघालं
आणि मला पाय रुतणार नाहीत अशी एक जागा मिळाली.

सरांचं नाव सांगितल्यावर
ते बाईंच्या गाईडचे हॉस्टेलमधले खोलीसोबती निघाले
आणि मला जुलैतली एक जागा कळली,
दोन वर्षांची, अजून जाहिरात न आलेली.

जाता जाता त्यांनी आलेखावर बोट टेकवलं.
"इथे हे का कोसळलंय?"
तिसऱ्या वर्षाचा फेब्रुवारी.
म्हटलं, वाळूचे पंप. रात्री येतात.
"मग लिहिलं का नाहीस?"
संदर्भ नाही.
"तुला कुणी सांगितलं?"
तिसऱ्या काढणाऱ्या एका बाईनं.
"तिला नाव असेल ना?"

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.
ओहोटी लागली असणार.
सात-आठ जणी टोपल्या घेऊन उतरल्या असणार,
आणि मी इथे मावशीची साडी पिनांनी आवळून
नॅपकिनच्या घडीवर पेनानं लिहीत होते,
हलीमा फणसोपकर. पुढे काय लिहायचं, पद?

सदतीस कार्डं उरली.
दुसऱ्या दिवशी खाडीवर एक दिलं.
हलीमाबीनं ओल्या बोटांनी गणपती पुसून बघितला, जात नव्हता.
"ह्याच्यावर नंबर हाय ना तुझा?"
आणि मोबाईलच्या कव्हरात, रेशनच्या चिठ्ठीमागे, सरकवलं.

बाईंचा मेल अजून नाही. मी रोज बघते,
कचऱ्याच्या फोल्डरमध्येसुद्धा.
कोचीच्या मुलानं खेकड्याचा फोटो पाठवला, मजकूर नाही.
आज पहाटे पावणेतीनला फोन वाजला, अनोळखी नंबर,
मागे इंजिनाची घरघर.
"आयकतेस ना? हां. आता मोज."